रजिस्टरातली आठ तासांची झोप

दि. १२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र पोचलं. भाऊजींना मी आमच्या ट्रक कंपनीत चिकटवलं आणि तुझ्यापासून तोडलं, अशी दोन पानं भरून माझी पूजा बांधली आहेस. तिसऱ्या पानावर राग संपला असावा, कारण तिथे चिमणीच्या बुटांचं माप काढलेलं आहे. माप मिळालं. राग मात्र मॅनेजरकडे पाठव, मी फक्त गाड्यांच्या पाळ्या लावतो.

आता आणखी रागावशील म्हणून आधीच सांगून टाकतो. भाऊजी आज रात्रभर गाडी चालवून पहाटे पाचला फरश्यांचा माल घेऊन आले, आणि तो उतरवून घेता घेताच आठ वाजले. नियमाने एक वाजेपर्यंत त्यांनी झोपायला हवं होतं. पण सिमेंटच्या गाडीचा ड्रायव्हर काविळीनं आडवा, बाकीचे बाहेर, आणि मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभा. तेव्हा नऊला त्यांनाच परत पाठवलं. त्यांनी नळाखाली डोकं धरलं, माझ्याच टॉवेलनं पुसलं, चहात साखर कमी म्हणून दोनदा मागून घेतली. गाडी भरेपर्यंत ऑफिसच्या बाकावर पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढली. घोरायला लागले तेव्हा मी पायाला हात लावून उठवलं. जाताना म्हणाले, ताईला लिहीत असशील तर रविवारी येतो म्हणून लिही, आणि शनिवारीच पोचलो तर दारात ओरडू नको म्हणावं.

रजिस्टरात मात्र त्यांची आठ तास झोप झाली आहे, तेव्हा तू निश्चिंत राहा. पहाटे पाचची गाडी मी रात्री बारालाच आणून उभी केली. झोपेचा रकाना मी सोमवारीच आठवडाभराचा भरून ठेवतो आणि येण्याची वेळ मागाहून त्याला जुळवून घेतो. आमच्या रजिस्टरातले ड्रायव्हर राजासारखे झोपतात. तपासणीचे साहेब म्हणतात, इतकं स्वच्छ रजिस्टर दुसरीकडे बघितलं नाही.

हिची तब्येत बरी आहे. डॉक्टरांनी जुलैची तारीख दिली आहे. बाळ माझ्यावर जाऊ नये म्हणून तू काय करता येईल ते कर. चिमणीला पापा. रागातही आहे ती माया तशीच ठेव, एवढं मागतो.

तुझा,
धाकटा


दि. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू परत गेल्यापासून घर एकदम मोठं झालंय. इतके दिवस माणसांनी भरलं होतं, आता तीन खोल्यांत मी आणि चिमणी. ती परत शाळेत जायला लागली. मीही दवाखान्यातल्या धुलाईच्या कामावर परवापासून जायला लागले. रोजच्या चारशे चादरी मोजायच्या असतात, त्या कुणासाठी थांबत नाहीत. एका अर्थी बरंच आहे.

त्या बारा तारखेला यांच्या गाडीपुढे रस्ता सरळ होता, ऊन लख्ख होतं, दुपारचे अडीच वाजले होते. तरी गाडी डावीकडे ओढत गेली, कडेनं चाललेल्या स्कूटरवाल्याला घेऊन कालव्यात पडली. पोलिसांनी मला हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तसंच सांगितलं. स्कूटरवाला टेलर होता म्हणे. त्याला बायको आहे आणि म्हातारी आई आहे. मला यांच्यासाठी रडायला येतं आणि मध्येच त्या माणसाची आठवण होते, की रडणं अडकतं. हे दुसऱ्या कुणाला बोलले नाही, तुला लिहिते.

आणखी एक. तुझं बारा तारखेचं पत्र पंधराला आलं, तू इथेच होतास तेव्हा. घरात एवढी गर्दी, मी ते तांदळाच्या डब्यामागे सारलं. अजून फोडलेलं नाही. यांच्या हयातीतलं शेवटचं पत्र म्हणून ठेवलंय. धीर झाला की वाचीन.

तब्येत सांभाळ, बायकोला जड उचलू देऊ नकोस. पत्र टाकायला कंटाळू नकोस, तेवढाच आधार.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. भाऊजींच्या कपाटातलं सामान मी ताब्यात घेतलं आहे. थर्मास, कंगवा, चष्म्याचं घर आणि चिमणीनं काढलेलं ट्रकचं चित्र, त्याला सहा चाकं एकाच बाजूला आहेत. सगळं जपून ठेवलंय.

ते बारा तारखेचं पत्र तू वाचूच नकोस. त्यात काही नाही, नेहमीची माझी थट्टा. आता वाचलीस तर उगीच त्रास होईल. सरळ फाडून टाक.

दुसरं कामाचं. शेठनी मला आत बोलावून घेतलं. म्हणाले, आपल्या घरातला माणूस गेला, कोर्टकचेऱ्या कशाला. ते एकरकमी काही देतील. त्यासाठी तू एका कागदावर सही करायची. कागदात लिहिलंय की कंपनीनं नियमाप्रमाणे विश्रांती दिली होती, तरी चालकाला झोप लागली, त्यात कंपनीचा दोष नाही. मला वाटतं तू सही करावीस. भाऊजी तर परत येत नाहीत. चिमणीचं शिक्षण आहे. दावा लावला तर वर्षं जातात, आणि शेवटी हातात काय पडेल कोण जाणे. मी इथे नोकरीत आहे म्हणून शेठ एवढं तरी म्हणाले.

कागद सोबत जोडला आहे. खूण केलेल्या ठिकाणी सही कर. माझ्यावर विश्वास ठेव आणि आशीर्वाद असू दे.

तुझा,
धाकटा


दि. २२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कागदावर सही केलेली नाही. तो घेऊन मी एका वकीलबाईंकडे गेले. दवाखान्यातल्या मोठ्या नर्सनं त्यांचं नाव सांगितलं होतं. बाईंनी दोन वाक्यांत समजावलं. मालकानं आराम दिला आणि तरी माणूस चाकावर झोपला, तर चूक माणसाची. आराम दिलाच नाही आणि परत गाडीवर बसवलं, तर चूक मालकाची. सगळा दावा या एका गोष्टीवर उभा आहे.

आणि दावा फक्त माझा नाही. टेलरच्या बायकोनंही लावलाय. तिच्या कागदात पहिले सामनेवाले, म्हणजे ज्यांच्यावर दावा ते, आमचे हे; आणि हे गेले म्हणून मी आणि चिमणी. कंपनी तिला सांगते आहे, आमचा काही संबंध नाही, भरपाई ड्रायव्हरच्या घरच्यांकडून घ्या. म्हणजे तुझ्या शेठच्या कागदावर मी सही केली असती, तर त्या बाईच्या नवऱ्याचा भार माझ्या अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आला असता. खूण बरोबर जागी केली होतीस.

बाईंनी विचारलं की त्या दिवशी ते खरोखर किती वाजता आले, हे सांगणारा एखादा कागद आहे का. वाटेतल्या नाक्यांच्या पावत्या गाडीत होत्या, त्यांचा कालव्यात लगदा झाला. डेपोच्या फाटकावर नोंद ठेवत नाहीत. मी नाही म्हणाले. तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तू फाडून टाक म्हणालास म्हणूनच तुझं पत्र फोडलं. तू लहानपणापासून असाच आहेस. जिथे बघू नको म्हणशील तिथेच तुझी फुटलेली काचेची बरणी असायची.

मी ते चार वेळा वाचलं. पहिल्यांदा यांचं साखर मागणं वाचून हसले, हे आधी सांगते. मग पुढचं वाचलं. धाकट्या, तुझी लाज वाटली. यांना उठवलंस ते एक वेळ मी गिळीन, मॅनेजर मागे उभा होता. पण ते गेल्यावर, मातीला हात लावून आल्यावर, तू मला आठ तास झोप दिली म्हणून सही कर असं लिहिलंस. माझ्या घरी जेवून, माझ्या पोरीला मांडीवर घेऊन गेलास आणि तिकडे जाऊन हे लिहिलंस.

वकीलबाईंना पत्राबद्दल अजून बोललेले नाही. काय करायचं मला सुचत नाही. बायकोला विचारलं म्हणून सांग.

तुझी,
ताई


दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडानं लिहू. तरी लिहितो, कारण गप्प बसलो तर तू समजशील मला काही वाटतच नाही.

रजिस्टर मी एकट्यानं सुरू केलेलं नाही. मी आलो तेव्हा आधीच्या क्लार्कनं मला शिकवलं, की झोपेचा रकाना आधी भरायचा आणि गाडीचा नंतर. मला ते हुशारीचं वाटलं. पाच वर्षांत एकाही ड्रायव्हरनं तक्रार केली नाही, भाऊजींनी तर नाहीच. उलट मला गमतीनं म्हणायचे, तुझ्या रजिस्टरात माझी गादी मऊ आहे रे बाबा. आम्ही दोघं हसायचो. 

खरं सांगायचं तर ते त्या सकाळी लाल डोळ्यांनी गाडीत चढले. मी बघितलं. मला वाटलं, कालव्यापलीकडे धाबा आहे, तिथे थांबतील. त्यांना थांबा म्हणायचं काम माझं होतं आणि मी ते त्यांच्यावर ढकललं. रोज मनात त्यांना खाली उतरवतो.

आता पुढचं. सतरा जूनला साक्ष आहे. दोन्ही दावे एकत्र चालणार. कंपनीनं साक्षीदार म्हणून मलाच दिलंय, रजिस्टर खरं आहे हे सांगायला. मयताचा मेहुणाच म्हणतो म्हटल्यावर कोर्ट ऐकेल, असं शेठच्या वकिलाचं गणित आहे. मी खरं बोललो तर नोकरी गेली, आणि डेपोवरच्या दोन खोल्या त्या नोकरीबरोबरच आहेत. हिचे दिवस जुलैत भरतात. शिवाय खोट्या नोंदी केल्या म्हणून माझ्यावर वेगळं प्रकरण होऊ शकतं. खोटं बोललो तर तुझ्यासमोर उभा राहू शकणार नाही.

मोठी म्हणून तूच सांग, काय करू. सांगशील ते करीन. अजून मला धाकटा म्हणतेस का, तेही कळव.

तुझा,
धाकटा


दि. ३० मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दोन महिने पत्र टाकलं नाही. मुद्दामच टाकलं नाही. सांगशील ते करीन, या वाक्याचा मला संताप आला होता. जन्मभर कुणी ना कुणी सांगेल तेच करत आलास. आधी क्लार्कनं सांगितलं, मग मॅनेजरनं सांगितलं, आता ताईनं सांगावं.

गेल्या आठवड्यात कोर्टात टेलरबाई भेटल्या. बाकावर जागा एकच होती आणि आम्ही दोघी उभ्या. शेवटी त्या बाजूला सरकल्या आणि मला बसा म्हणाल्या. मी कोण आहे ते त्यांना माहीत होतं.  मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. त्यांचा नवरा दुकानात मापं लिहायचा ती. त्याची मिळकत दाखवायला पगाराचा कागद नव्हता, म्हणून त्यांच्या वकिलानं वहीच आणायला सांगितली होती. गिऱ्हाईकाचं माप, कपडा आला ती तारीख, दिला ती तारीख. उशीर झाला असेल तर उशीर झाला असंच लिहिलेलं. एका पानावर तर बाही माझ्या चुकीनं आखूड झाली, शिलाई घेतली नाही, असं लिहिलंय. बाई म्हणाल्या, लोक हसायचे त्याला, अशी चूक कोण लिहून ठेवतं. आता त्या वहीवर त्यांचं सगळं अडलंय आणि वही खरी असल्यामुळे त्यांना भीती नाही. त्या तुझ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांना तुझं माहीतच नाही. मला मात्र मान वर करवेना.

दुसरं चिमणीचं. शाळेत कुणीतरी तिला म्हणालं की तुझ्या बाबांनी एका माणसाला मारलं. तिनं मला विचारलं, बाबा झोपले होते का. मी हो म्हणाले. मग विचारलं, कामाच्या वेळी झोपायचं नसतं ना. यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी देऊ शकले नाही, कारण ते तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे.

म्हणून हे करते. तुझं बारा तारखेचं पत्र या पाकिटात परत पाठवते आहे. नक्कल काढलेली नाही, वकीलबाईंना दाखवलेलं नाही. मी ते कोर्टात दिलं तर भावाला मी पकडून दिलं असं होईल आणि ते मला आयुष्यभर पुरेल. तुझ्याकडून ते आलं तर वेगळं. फाडायचं तर फाड, तुझा तूच बघ. सतराला मी कोर्टात येणार नाही. माझ्या तोंडाकडे बघून तू काही बोलायला नको.

खोल्या गेल्या तर माझ्याकडे तीन आहेत. बाळंतपण माझ्या दवाखान्यात होईल, चादरी स्वच्छ मिळतील याची हमी देते. हे लाच म्हणून लिहीत नाही, खोटं बोललास तरी तुझ्या बायकोसाठी आणि बाळासाठी दार उघडंच आहे. तुझ्यासाठी उघडं राहील की नाही हे मला आज सांगता येत नाही.

आणि धाकटा तर तू आहेसच, ते काय माझ्या हातात आहे.

तुझी,
ताई


दि. १८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल साक्ष झाली. जसं झालं तसं लिहितो, वाढवत नाही.

खोली लहान आहे, पंखा आवाज करतो, त्यामुळे प्रत्येक उत्तर दोनदा द्यावं लागलं. शेठच्या वकिलानं रजिस्टर माझ्यासमोर ठेवून विचारलं की अक्षर कुणाचं. मी म्हणालो माझं. मग विचारलं, नोंद खरी आहे ना. मी म्हणालो, अक्षर खरं आहे, नोंद खोटी आहे. त्याला वाटलं पंख्यामुळे नीट ऐकू आलं नाही, त्यानं परत विचारलं. मी परत तेच म्हणालो. मग खिशातून पत्र काढून दिलं. शिपायानं ते उघडून जजसाहेबांपुढे ठेवलं.

जजसाहेबांनी आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचायला लावलं. ताई, सगळं वाचलं गेलं. चिमणीच्या बुटांचं माप, माझा टॉवेल, दोनदा साखर, दारात ओरडू नको म्हणावं, सगळं. राजासारखे झोपतात हे वाक्य वाचताना कुणी हसलं नाही. मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. टेलरबाई समोर बसल्या होत्या. पाचला आले आणि नऊला पाठवलं हे वाचलं गेल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, आत्ता मला तुमच्याशी बोलवत नाही. मी बरं म्हणालो आणि बाजूला झालो.

मॅनेजरनं तिथल्या तिथे उद्यापासून येऊ नको सांगितलं. खोल्या महिनाअखेरीला रिकाम्या करायच्या आहेत. खोट्या नोंदींबद्दल मला नोटीस येणार हे जजसाहेबांनीच सांगितलं. हिला घरी येऊन सांगितलं तर तिनं भांड्यांची खोकी काढली. म्हणजे तिची तयारी आधीच होती, मलाच माहीत नव्हती.

पंचवीसला हिला घेऊन येतो. मी दारात थांबेन. आत ये म्हणालीस तरच येईन.

तुझा,
धाकटा


दि. २ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ही आणि बाळराजे मजेत आहेत. बाळ तुझ्यावरच गेलंय, माझे सगळे प्रयत्न फुकट. दिवसभर झोपतं आणि कुणी रजिस्टरात लिहीत नाही. तुला वजनकाट्यावर नोकरी मिळाली हे फार बरं झालं. तिथे आकडा यंत्र छापतं, तुला काही भरावं लागत नाही. खोली मिळाली की दोघांना घेऊन जा, तोवर मी सोडत नाही. तुझ्या दंडाचा हप्ता वेळेवर भर.

निकाल परवा लागला. वकीलबाईंनी वाचून दाखवला. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला चार तासही झोपू न देता परत गाडीवर बसवणं हाच अपघात होता, चालकाच्या झोपेची जबाबदारी त्याला झोपू न देणाऱ्याची आहे, असं जजसाहेबांनी लिहिलंय. दोन्ही घरांची भरपाई कंपनीनं द्यायची. माझं आणि चिमणीचं नाव सामनेवाल्यांतून काढलं. यांचा पगार आणि वयावरून धरलेली उरलेली वर्षं, यांचा गुणाकार करून एक आकडा येतो. तो मी तुला लिहीत नाही. कमी नाही. पण आकडा ऐकताना मला वाटलं, एवढी वर्षं होती तर.

चिमणीला मी निकालाचं ते पान वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं, मग शाळेच्या दप्तरात ठेवलं. नेऊ दिलं.

टेलरबाईंनी दुकान उघडलंय. मापांच्या वहीत त्यांच्या अक्षरात पुढची पानं सुरू झाली आहेत. चिमणीचा गणवेश मी त्यांच्याकडे टाकला. माप घेताना त्यांनी मला विचारलं, तुमचा भाऊ काय करतो आता. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच म्हणाल्या, पण स्वतःहून विचारलं.

आता माझं एक काम. ते पत्र कोर्टानं पुराव्यात ठेवून घेतलंय, निशाणी सतरा म्हणून. परत मिळणार नाही. नक्कल मिळते, मी जाऊन बघितली. पण शिक्का नेमका दोनदा साखर मागितली त्या ओळीवर मारलाय, काही वाचता येत नाही. यांच्या त्या शेवटच्या सकाळचं माझ्याकडे दुसरं काही नाही. तू एकटाच होतास तिथे.

तेव्हा ते पत्र मला परत लिहून पाठव. बुटांच्या मापापासून सगळं, माझी थट्टासुद्धा. नळ, टॉवेल, साखर, बाक, आणि जाताना काय म्हणाले ते. गाडी पहाटे पाचलाच येऊ दे. आणि झोप पंधरा-वीस मिनिटांचीच लिही, एक मिनिटही वाढवू नकोस.

वाट बघते आहे.

तुझी,
ताई